सोडियमच्या उजेडातली शेवंती

रस्त्याने जाताना लोक दुकानांच्या पाट्या वाचतात. दिवेवाले बापू खांबांवरचे दिवे वाचायचे. "ह्यो सोडियम, अडीचशे वॅटचा. त्यो पलीकडचा हॅलाइड. म्हातारा झालाय, बगा कसा गुलाबी मारतोय." उचगावात आमच्या शेजारी राहायला आले त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी माझ्या ओसरीतल्या दिव्याकडे पाहून मान हलवली. "बाई, ह्या उजेडात पोरांचे पेपर तपासता? मार्क कमी पडत असतील की बिचाऱ्यांस्नी." मी शाळेत जीवशास्त्र शिकवते. दुसऱ्या दिवशी बापू न विचारता शिडी घेऊन आले आणि दिवा बदलून गेले.

त्यांची चाळीस वर्षं खांबावर गेली होती. रस्त्यांचे, मैदानांचे मोठे दिवे बसवायचे आणि दुरुस्त करायचे. मग सगळीकडे एलईडी आले, जुने दिवे भंगारात निघाले आणि त्यांच्या मागोमाग बापूही घरी बसले. येताना भंगारवाल्याकडून एक पांढऱ्या उजेडाचा हॅलाइड आणि एक पिवळ्या उजेडाचा सोडियम, चोकसकट उचलून आणले. त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे आक्का म्हणायचो. आक्का म्हणाल्या, "आता घरात मैदान करणार हाईसा काय?" तेव्हा त्या चांगल्या हिंडत्याफिरत्या होत्या.

वर्षभरात अर्धांगाने आक्कांची डावी बाजू गेली. मागच्या खोलीत खाट पडली. त्या खोलीच्या खिडकीतून पूर्वी शेत दिसायचं, आता हातभर अंतरावर नव्या इमारतीची भिंत आहे. आक्का गारगोटीच्या. लग्नात माहेराहून पांढऱ्या शेवंतीची मुळी घेऊन आल्या होत्या आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी देवीला त्याच रोपाची फुलं वाहायच्या. "इकतच्या फुलाचा मान देवीला कसला?" म्हणायच्या. खाटेवरच्या पहिल्या मार्गशीर्षात बापूंनी बाजारातून फुलं आणली, तर त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी बापूंनी मनाशी ठरवलं की पुढच्या मार्गशीर्षात आक्कांची शेवंती फुलेल, आणि ती त्यांना पडल्या पडल्या दिसेल अशी याच खोलीत फुलेल.

मग सुरू झाले त्यांचे प्रयोग. एकाच मुळीची रोपं दोन कुंड्यांत लावून एक हॅलाइडखाली ठेवली, एक सोडियमखाली. कुंड्यांवर कोळशाने खुणा केल्या. दिवा किती उंच टांगायचा याचं माप त्यांच्याकडे एकच होतं: रोपाच्या शेंड्यावर तळहात आडवा धरून उभं राहायचं. "हाताला सोसलं तर पानाला सोसंल." हॅलाइडखालचं रोप बुटकं, हिरवंगार, भरगच्च पानांचं झालं. सोडियमखालचं उंच आणि किडकिडीत. बापूंचा निकाल ठरलेला होता. "हॅलाइड म्हंजी सकाळचं ऊन, पानाला चांगलं. सोडियम म्हंजी चारचं ऊन. त्यानं फूल येतंय." मी एक पांढऱ्या उजेडाचा एलईडी मागवून दिला, तो त्यांनी माझ्या मनाखातर कोपऱ्यात टांगला. त्याच्याखाली हात धरून म्हणाले, "उजेड झ्याक हाय, पर ऊब न्हाय. असल्या दिव्याखाली कोन फुलंल?"

मीही गप्प बसणाऱ्यातली नव्हे. पुस्तकं काढून सांगितलं, शेवंतीला कळी धरायला मोठी रात्र लागते, दिवा संध्याकाळी पाचला बंद करा. बापू खो खो हसले. "जलमभर गावाची रात्र घालवायचं काम केलं, आन आता घरात रात्र आनू म्हंता?" पण ऐकलं. आणि मीच सांगितलं की फुलाच्या दिवसांत तांबूस-पिवळा उजेड बरा, तुमचा सोडियम बरोबर आहे. हे मीच सांगितलं होतं, म्हणून लिहून ठेवते.

थंडी पडायला लागली तशी ती खोली आक्कांना आवडायला लागली. शेगडीसारखी ऊब, चोकची गुणगुण आणि खाटेशेजारी शेवंती. सोडियमच्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं: भिंती, चादर, माणसं. बापू गमतीने म्हणायचे, "बगा बाई, मालकीणबाई परत हळद लागलेली नवरी झाली." आक्का लाजून पदर ओढायच्या. जेवण कमी झालं होतं, अंगाला खाज सुटायची. बापूंना वाटायचं दिव्याची धग लागते. ते दिवा वीतभर वर घ्यायचे. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी त्यांनी आक्कांना खुर्चीत बसवून भर दुपारी ओसरीत आणलं. आक्कांनी धडधाकट उजव्या हाताने आम्हा चार बायकांना हळदीकुंकू लावलं आणि सांगितलं, "शेवटच्या गुरवारी या, घरची फुलं बगायला."

शेवटच्या गुरुवारच्या आदल्या दिवशी शाळेतून येते तोच बापूंची हाक आली. फूल उमललं होतं. आक्का त्याच्याकडे टक लावून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा पडला होता. "पिवळी झाली व्हय ही? माझ्या म्हायेरची पांढरी हुती."

"पांढरीच हाय गं. दिव्यानं तसं दिसतंय. थांब, दावतो तुला." बापूंनी सोडियम बंद केला आणि कुंडी उचलून आक्कांसमोर धरली. मला म्हणाले, "बाई, तुमचा त्यो लावा."

मी एलईडी लावला. फूल दुधासारखं पांढरं झालं. आक्का हसल्या, चादर पांढरी झाली, बापूंचे केस पांढरे झाले. आक्कांचे डोळे मात्र पिवळेच राहिले.

बापूंनी कुंडी खाली ठेवली. आक्कांवर वाकून त्यांचे डोळे बघितले, मग मला हळूच विचारलं, "बाई, ह्यो दिवा खरं दावतोय न्हवं?"

मी हो म्हणाले.

रिक्षात बसवताना आक्कांनी मला बजावलं, "फूल उद्या देवीला वाहा. इसरू नगा." मी वाहिलं. दवाखान्यात पित्ताच्या नळीतली गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आला असता तर..." आणि वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पौष संपायच्या आत आक्का गेल्या.

त्या अर्ध्या वाक्याने बापूंना पोखरलं. सोडियम पुन्हा कधी पेटला नाही. भेटेल त्याला ते हाताला धरून उन्हात न्यायचे आणि खालची पापणी ओढून डोळा बघायचे. दूधवाला, पोस्टमन, कोणी सुटायचं नाही. लोक मागे हसायचे. "पांढरा हाय. जावा," म्हणून बापू त्याला सोडून द्यायचे. आणि मला रोज एकच प्रश्न: "कधीपास्नं असंल हो, बाई?"

शेवटी नेसरीहून त्यांचे भाऊ न्यायला आले. निघताना बापू शेवंतीची कुंडी घेऊन माझ्या ओसरीत आले. मला उन्हात उभं करून डोळे बघितले. मग म्हणाले, "लई इचार केला, बाई. तुमी शिकल्या-सवरल्या, रोज येऊन बसत हुता, तुमास्नी बी दिसलं न्हाय. मग माज्यासारख्या वायरमनला कुठनं दिसावं? तेवढ्यावर झोप लागतीया बगा."

मी मान डोलावली आणि कुंडी त्यांच्या हातून घेतली.

पहिल्या गुरुवारी, ओसरीतल्या लख्ख उन्हात, आक्कांनी माझ्या कपाळाला हात लावला तेव्हा त्यांचा तळहात आणि नखं मला पिवळी दिसली होती. मला वाटलं, हळद आहे. लावलेली हळद बोटाच्या टोकाला असते, तळहाताला नसते, एवढंही माझ्या डोक्यात आलं नाही. मी ते बापूंना कधी सांगितलं नाही.

बापू पुढच्याच वर्षी नेसरीत वारले. झोपेतच गेले, असं त्यांच्या भावाने कळवलं. कुंडी माझ्या ओसरीत असते. दर मार्गशीर्षात तिला फुलं येतात, आणि गुरुवारी हळदीकुंकू लावून झालं की मी आधी न्हाणीघरात जाते, हात साबणाने धुते आणि उन्हात धरून बघते.