संत्र्यांची ओटी

माझी नोकरी बंदरावरची आहे, आणि मी अजून समुद्र पाहिलेला नाही. नागपुरात रेल्वेच्या रुळांलगत कंटेनरांच्या थप्प्या लागतात, त्या आवाराला सरकारने एका आदेशाने बंदराचा दर्जा दिला. तेव्हापासून ते बंदर. पाणी नाही, जहाज नाही, नुसतं सरकार आहे. आमचे मामा दर सणाला विचारतात, "काहून वं, नाग नदीतून जहाज येऊन राहिलं का तुमचं?" मी चिडते. कस्टमचं सील मी इथे लावलं, की पुढे समुद्रकाठच्या बंदरातही सहसा कोणी तो कंटेनर उघडत नाही, हे त्यांना सांगून सांगून थकले.

दुपारी मात्र मलाच भूल पडते. पत्रे तापतात, रुळांवरची हवा हलायला लागते, क्रेन सावकाश हात वळवते, आणि वाटतं, त्या लाल थप्पीपलीकडे पाणीच आहे. आमचा पांढरा गणवेशही खाऱ्या वाऱ्यासाठीच शिवलेला असावा. वर्धा रोडवरून घरी जाताना तो अगदीच उगीच वाटतो.

गेल्या हिवाळ्यात काटोलकडचं एक जोडपं स्वतःच्या नावाने पहिल्यांदाच संत्री परदेशी पाठवत होतं. अख्खा बहार त्या एका कंटेनरात होता, आणि संध्याकाळच्या मालगाडीने तो निघायचा होता. शेवटची तपासणी माझी. दार उघडलं तशी संत्र्यांच्या वासाची गार हवा तोंडावर आली. क्षणभर डोळे मिटले. उघडले तेव्हा पुढच्या पेट्यांमध्ये लाल खण दिसला. त्यावर तांदूळ, नारळ, हळकुंड आणि मूठभर काळी माती.

"हे काय?"

नवऱ्याने मान खाली घातली. बायको पुढे झाली. "ओटी भरली, बाई. पयल्यांदा एवढ्या दूर चालली. लेकीले रिकाम्या ओटीनं धाडते का कोणी?"

"आणि माती?"

"वावरातली हाय. करमलं पायजे न तिले तिकडं."

मला हसू आलं आणि लगेच घाम फुटला. परदेशातल्या बंदरावर ती माती सापडली असती, तर मातीतून कीड येते म्हणून तिथल्या सरकारने सगळा माल नाकारला असता. वर्षभराची बाग कुठल्याशा धक्क्यावर सडली असती. मी जरा जोरातच बोलले. नवरा घाबरून म्हणाला, "काढून टाक वं!" ती हलली नाही. काढली तर अपशकुन होईल, एवढंच म्हणत राहिली. आणि ती काढल्याशिवाय मी सील लावणार नव्हते.

शेवटी मी तिच्याजवळ गेले. "मावशी, तिकडच्या दारात तिची झडती होणार. अंगावर माती दिसली तर उंबऱ्यावरूनच परत धाडतील तिला."

तिने पेट्यांकडे पाहिलं. मग स्वतःच चढली, खण उचलला, पेट्या सरकवायला लावल्या आणि मातीचा कण न् कण पदराने पुसून घेतला. खाली उतरली तेव्हा खण हातातच होता.

"ओटी वापस नेत नाही कोणी," ती म्हणाली. "तूच घे."

"माझी नाही भरत कोणी, मावशी."

माझा नवरा वारल्यापासून कोणी मला कुंकवाचं बोटही लावलं नव्हतं. सवय झाली होती म्हणायची, पण झाली नव्हती. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं. मग खण पुढे केला.

"तुही ओटी कोन भरून राहिलं? मी सरकारची भरून राहिली. माह्या लेकीले नीट पोचव म्हना."

गणवेशाला पदर नव्हता. मी डोक्यावरची टोपी काढून उलटी धरली. तिने तांदूळ ओतले, नारळ ठेवला, मातीही टाकली.

मग मी सील लावलं. डोळ्यांना काही धड दिसत नव्हतं. ते घट्ट बसलं की नाही, हे तिनेच ओढून पाहिलं.