तपकिरी काच

ड्रॉवर आवरताना तपकिरी काचेचा तुकडा हाती लागला आणि ती दमलेली दुपार आठवली. सोन्याचे अतिसूक्ष्म कण काचेत बसवून ती बेताने तापवली की लाल होते. जास्त तापली की कण एकमेकांना चिकटतात आणि लाली मरते. प्रयोगशाळेत पाच महिने माझी प्रत्येक काच तपकिरीच निघाली. शेवटचं सोनं संपलं त्या दिवशी दुपारीच घरी निघाले. वाटेत मंगला गौरीच्या देवळाजवळ काचेचे मणी करणाऱ्या म्हाताऱ्याला मी तो तुकडा दाखवला. त्याने तो उजेडात धरला. “बिटिया, लाल तो आया रहा. तुम कहाँ रहीं?” मी कुठे असणार? कागदावर लिहिलेली तापवायची वेळ पुरी होईपर्यंत भट्टीकडे पाठ करून घड्याळ बघत बसले होते. आता विद्यार्थी किती मिनिटं तापवायचं विचारतात, तेव्हा मी भट्टीसमोर स्टूल सरकवते.