सर्व्हर चोरीला गेला तेव्हा

बियाण्यांना लावायच्या औषधाचा उग्र वास आला, की जालना एमआयडीसीतलं आमचं बियाणं कंपनीचं ऑफिस आठवतं आणि तिथली एक सहकारी आठवते. कंपनीतल्या सगळ्यांची खाती एका डिरेक्टरीत होती आणि त्या डिरेक्टरीचा पासवर्ड वेब सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये उघडाच लिहिलेला असे. ती नवीन आली आणि एका दुपारी तिने तो एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुणाला वाचता येऊ नये अशा सांकेतिक रूपात टाकला; उलगडायची किल्ली दुसऱ्या मशीनवर ठेवली. पुढे थोड्याच दिवसांत तो सर्व्हर चोरीला गेला. सर्व्हरची जबाबदारी माझी होती. साहेब म्हणाले, "सगळ्यांची खाती चोराच्या हातात गेली. उद्यापासून येऊ नका तुम्ही." तेवढ्यात ती पुढे झाली. "साहेब, फाइल गेली, पासवर्ड न्हाई गेला. चोराला तो बिलकुल वाचता येणार न्हाई. तरी मी आत्ताच बदलून टाकते." साहेबांनी विचारलं, "हे कुणी केलं होतं?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आम्ही दोघांनी." माझी नोकरी टिकली, त्या पगारावरच माझ्या मुलींची शिक्षणं झाली. खरं तर ती पासवर्ड एन्क्रिप्ट करत होती त्या दुपारी मी तिच्यासाठी फक्त चहा सांगितला होता.