माधवनगरच्या तीन रांगा आणि आमच्या आत्या

जास्वंदीची अकरावी फांदी कुंडीत कुजली, तेव्हा नवरा म्हणाला, "आता दहावा घालूया." मी तडक सुभेदारकाकांना फोन लावला. काका म्हणजे सासऱ्यांचे पलटणीतले दोस्त. निवृत्त झाल्यावर त्यांनी सांगलीजवळ माधवनगरला नर्सरी काढलीय. "फोनवर रोग कळत न्हाई. ये, डोळ्यानं बघ," म्हणाले. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, भडंग आणायच्या निमित्तानं माझ्याआधी गाडीत बसल्या.

जाणार असाल तर वाईहून सकाळी सहाला निघा, कराडला मिसळ खा आणि पेठ नाक्याला डावीकडे वळा. पुढे उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडताना गप्पांना सोबत हवी. माझ्या सोबतीला आत्या होत्या, त्यामुळे मी फक्त ऐकलं.

काकांची नर्सरी म्हणजे छावणीच. शेवटच्या तीन रांगा दाखवत ते म्हणाले, "हिनं कुंड्यांतलं तण भांगलून गुडघं घालवलं. तणनाशक मारलं तर क्रोटन करपलं." काकी लंगडत चहा घेऊन येत होत्या, म्हणून ते हळू बोलत होते. दीड महिन्यापूर्वी काकांनी एका रांगेतल्या कुंड्यांवर भाताचं तूस पसरलं, दुसरीत उसाचा भुसा, तिसरी उघडी ठेवली. आज दुपारी प्रत्येक रांगेचं तण उपटून तोलायचं, आणि जिथं कमी निघेल तिथलं आच्छादन सगळ्या नर्सरीत घालायचं. काकींचं उकिडवं बसणं थांबवायचा तेवढा एकच उपाय उरला होता.

मग काकांनी मला कलमांच्या शेडमध्ये नेलं. मी कुंडीतून पुडीत बांधून आणलेली माती बघून हसले. "ही शेतातली चिकट माती. वर रोज पाणी. फांदी बुडून मेली की गं. निम्मी वाळू, निम्मं कोकोपीट घे, आन लाड कमी कर."

परत आलो तर तिन्ही रांगा लख्ख. आत्या आणि काकी पदर खोचून गप्पा मारत होत्या.

"आवं वैनी, हे काय केलंसा?" काका मटकन बसले. "कुठलं तण कुठल्या रांगंचं, आता कसं कळायचं?"

"लय माजलं हुतं. बघवंना," आत्या म्हणाल्या. "आन कळत न्हाई म्हंजी? ज्या रांगंचं तण त्या रांगंच्या तोंडाला टाकलंय. जन्मभर काय येड्यावानी भांगललंय व्हय मी?"

खरंच, तीन ढीग होते. स्वयंपाकघरातला काटा आला. उघड्या रांगेचं तण पाटीभर, भुशाच्या रांगेचं त्याच्या निम्मं, तुसाच्या रांगेचं जेमतेम ओंजळभर. काकांनी वहीत लिहिलं आणि बायकोकडे बघितलं. काकांचे डोळे भरले होते, माझेही.

"म्हंजी आता मी नुसतं बसायचं?" काकी.

"व्हय. खुर्चीवर."

काल माझ्या जास्वंदीच्या बाराव्या फांदीला पहिला कोंब फुटला. कळवायला फोन केला, तर काकी कुजबुजल्या, "गुडघं बरं हायत, पर खुर्चीवर एकटीला करमंना बघ. मागच्या बाजूची एक रांग मी उघडीच ठेवलीय, ह्यांना सांगू नको. आत्यांना कवा पाठवतीस?"

आत्यांना निरोप सांगायला वळले, तर त्या पिशवीत खुरपं भरत होत्या.