कोट माझा होता

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — ओळखीच्या माणसापुढे माझी जीभच रेटत नाही.

चिखलीत हाडांच्या एका खासगी दवाखान्यात मी एक्स-रे काढायचो. कोटावर लावायला एक बिल्ला मिळायचा. अंगावर किती किरणं पडली हे त्यावरून कळतं. तो ठरावीक दिवसांनी तपासायला पाठवायचा. मोडलेलं हाड बसवताना यंत्र सुरूच असतं, आणि पेशंटचा पाय कुणीतरी ताणून धरावा लागतो. ते काम कांताबाई करायच्या. खरं तर त्या झाडूपोछावाल्या. पण हाताला ताकद भारी — आणि नाही म्हणणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

किरणं अडवणारे शिशाचे एप्रन दोनच. एक डॉक्टर घालायचे, दुसरा मी. आमच्याकडच्या उन्हाळ्यात एप्रनखाली कोट सहन होतो का? मी कोट काढून कांताबाईंना द्यायचो. झाडणाऱ्या बाईनं आपल्या माणसाला हात लावलेला नातेवाइकांना खपायचा नाही. पांढरा कोट दिसला की गप्प बसायचे. बिल्ला कोटावरच राहायचा. सुरुवातीला विसरून. नंतर — नंतर मला माहीत होतं.

एकदा बिल्ल्याचा आकडा फार वर गेला. बिल्ला तपासणाऱ्यांचं पत्र आलं: ही किरणं खरंच तुमच्या अंगावर पडली का? रक्त द्या. बिल्ला यंत्राजवळ पडून राहिला तरी आकडा चढतो, पण रक्त खोटं बोलत नाही. किरणांनी पेशीतली गुणसूत्रं तुटतात, तुटकी टोकं भलतीकडे जुळतात. गुणसूत्राला जिथे एक कंबर असायला हवी तिथे दोन दिसतात. अशी किती सापडली ते मोजून माणसाला मार किती बसला ते काढतात.

मी रक्त द्यायला निघालो तेव्हा कांताबाई फरशी पुसत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, माह्यं रक्त नाही लागत काय? कोट तं माह्याच अंगावर असते ना."

चौथी शिकलेल्या बाईला जे कळलं ते मला कळत नव्हतं का? मी म्हणालो, "तुमचं काऊन लागीन? बिल्ला माह्या नावाचा हाये."

त्यांना ते पटलं. पोछा पिळून त्या पुढची खोली पुसायला गेल्या.

माझं रक्त स्वच्छ निघालं. निघणारच होतं. 'कोट यंत्राजवळ खुंटीवर राहिला असावा' असं लिहून मी सही केली. जीव भांड्यात पडला. दवाखान्यात पेढे वाटले — कांताबाईंना दोन दिले.

इथे थांबलो असतो तर निदान नुसता भित्रा ठरलो असतो. पण त्या दिवसापासून मी बिल्ला काढून घेऊ लागलो आणि कोट मात्र देतच राहिलो. सहा वर्षं.

त्यांच्या बोटांची कातडी सुकली, तडकली, नखं काळी पडली. त्या म्हणायच्या, फिनाईलनं. मी म्हणायचो, हो. मागच्या वर्षी उजव्या हाताचं एक बोट कापावं लागलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात सोबत मीच होतो. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, काम काय करत होता? त्या म्हणाल्या, झाडूपोछा. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

आता त्यांचं रक्त तपासून तरी काय? त्या खुणा वर्षागणिक विरत जातात. तेव्हा एक नळीभर घेतलं असतं तर पुरलं असतं.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. नवी सून चहा घेऊन आली. कांताबाईंनी चार बोटांचा हात माझ्याकडे करून तिला सांगितलं, "हे भाऊ हायेत ना, हे आपला सोताचा कोट मले घालाले देत. त्या दवाखान्यात दुसऱ्या कोनी नाही देल्ला."

सून माझ्या पाया पडली. मी पडू दिलं.