जावयाने लावलेली खिडकी

परवा रविवारी भर दुपारी आमच्या चंद्रपूरच्या घरात जावयाने खिडकी लावली... आणि त्याची सासू, म्हणजे आमच्या सौ., स्वयंपाकघरातून उठून आल्या.

मुलगी बाळंतपणाला माहेरी आली आहे. नात अजून महिन्याचीही नाही. जावई ठाण्याचे. निघण्याआधीच त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं, खोली थंड राहत नसेल तर दोघींना घेऊन जातो. आमच्या गावचं तापमान ते रोज मोबाइलवर बघत होते, लोक शेअर बाजार बघतात तसं, धसका घेत.

आमच्याकडे एसी नाही. खिडकीत पत्र्याचा एक धिप्पाड कूलर आहे, तो चालू झाला की शेजाऱ्यांनाही कळतं. सौ.नी उन्हाळा लागतानाच त्याची टाकी घासली, जाळ्यांत नवं गवत भरलं, आणि झोत बाळाच्या अंगावर न येता वरून जाईल अशा पट्ट्या वळवल्या. जावयांनी हे सगळं संग्रहालयात फिरल्यासारखं पाहिलं.

मग थंड हवा वाया जातेय असं वाटून त्यांनी समोरची खिडकी आणि दार घट्ट लावून घेतलं. काळजीपोटीच, त्यात वाद नाही... पण थोड्याच वेळात खोली कोंदटली. चादर चिकट, बाळ किरकिरं. जावई म्हणाले, "मी म्हटलं होतं ना. चला, बॅग भरूया."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. एरवी जगाला टोमणे मारणारा मी, पंख्याकडे पाहू लागलो.

सौ.नी येऊन आधी खिडकी उघडली, मग तोंड.

"जवाईबापू, हा एसी नाई. एसी आतलीच हवा फिरवते, म्हणून दार लावा लागते. कूलर बाहेरची सुकी हवा ओली करून आत फेकते. आतली बाहेर नाई गेली तं थंडावा कुठून येईन? तुम्ही त्याचं नाक दाबून राह्यले."

हळूहळू खोली निवली. नात झोपली. तेवढ्यात लाइट गेली... राज्याला वीज पुरवणाऱ्या गावाला एवढा मान मिळायचाच. पण कूलर इन्व्हर्टरवर चालत राहिला. त्याला लागतं काय? एक पंखा आणि पाणी चढवणारी चिमुकली मोटर. एसी असता तर आमच्या इन्व्हर्टरने हात जोडले असते.

बॅगेचा विषय पुन्हा निघाला नाही. उलट जावयांनी स्वतःसाठी चादर मागितली.

संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांनी पक्षच बदलला. आम्हीही ठाण्याला एक कूलर घेतो, म्हणाले. मी मनातल्या मनात मिरवणूक काढली. सौ.नी ती तिथेच अडवली.

"नोका घेऊ. तुमच्याकडची हवा आधीच ओली. तिथी कूलर नुसता घाम काढते. एसीच घ्या, खोलीच्या मापाचा अन् जास्त स्टारचा."

जिंकलेला माणूस असं बोलत नसतो हो... तो आपला झेंडा दुसऱ्याच्या गच्चीवरही लावून येतो.

जावई काल एकटेच ठाण्याला गेले. लेक आणि नात पावसाळ्यापर्यंत इथेच. निघताना ते सासूबाईंच्या पाया पडले, तेव्हा शेजारी मीही छाती काढून उभा होतो. या सगळ्यात माझं कर्तृत्व एवढंच, की एकेकाळी या बाईने मला होकार दिला.