आवडता गिटारिस्ट सांगितला आणि लीड गेलं

१. आज सकाळी वाघोलीत आमच्या बँडची प्रॅक्टिस होती. लीड गिटार मी वाजवते.
२. चहाच्या वेळी आमच्या ड्रमरने, अनिकेतने, मला आवडता गिटारिस्ट विचारला.
३. मी नाव सांगितलं. तो गिटारिस्ट कमी सूर वाजवतो आणि मध्ये थांबतो.
४. चहा संपेपर्यंत लीड तन्मयकडे गेलं होतं. तो आमची रिदम, म्हणजे साथीची गिटार वाजवतो.

"अगं, रॉकमध्ये कोण थांबतं?" अनिकेत म्हणाला. "आपण सिग्नलला तरी थांबतो का?"

विनोद बरा होता. मीही हसले.

मग तो म्हणाला, "तुझी आवडच स्लो आहे. तू रिदम घे. मुलगी शेजारी उभी असली की स्टेजही छान दिसतं."

यावर तन्मय आपली गिटार ट्यून करत राहिला. आमचा बेसवाला चहाचे पैसे द्यायला गेला.

शेवटच्या गाण्यातला सोलो मी बसवला आहे. त्यात एका ठिकाणी सगळे थांबतात आणि मग गिटार एकटी परत येते. आज तन्मयने ती जागा सुरांनी भरून टाकली. अनिकेत म्हणाला, "आता कसं, जान आली."

घरी येताना एक गोष्ट लक्षात आली. तन्मयला त्याचा आवडता गिटारिस्ट आजवर कोणीच विचारलेला नाही. त्याला फक्त गिटार दिली जाते.

तुम्ही तिघेही या ग्रुपवर आहात. कार्यक्रम शनिवारी आहे. आवडीवरूनच ठरवायचं असेल, तर आधी आपापली आवड इथे लिहा. मग लीड कोण वाजवणार ते लिहा. बुधवारपर्यंत उत्तर द्या.